हाताने जाणारा बोल्ट

त्या उन्हाळ्यात नदी पात्राच्या एका कडेला सरकून अंग चोरून वाहत होती. जुना पंप थंडीच्या दिवसांतच कायमचा बसला होता, आणि गावामागच्या टेकाडावरची पाण्याची टाकी आता फक्त शेळ्यांना सावली देण्याच्या कामाची उरली होती. नदीकाठी नवे पंपघर उभे राहिले होते. त्याच्या भिंतींना अजून ओल्या सिमेंटचा वास होता. गावातली माणसे येता-जाता दारातून डोकावत आणि एकच प्रश्न विचारत, "कधी?" या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याला फिटर लोक त्याच्या पाठीमागे, आणि फार वैतागले म्हणजे त्याच्या तोंडावरही, ओळंबा म्हणत.

हे नाव कौतुकाने पडलेले नव्हते. गवंड्याच्या दोरीला लटकणारे ते वजन जसे भिंतीची भीडभाड न ठेवता ती कुठे झुकली आहे ते सांगून मोकळे होते, तसाच हा माणूस होता. पंपांची उभारणी करणाऱ्या टोळ्यांवर देखरेख करण्यात त्याचे अर्धे आयुष्य परक्या मुलखांत गेले होते. साइटवरच्या लोखंडी स्टुलावर बसून चहा पिताना त्याला कुणी पाहिले नव्हते. तो चहाही उभ्यानेच पीत असे आणि पेला हातात घेऊन पंपाच्या पायात रोवलेल्या बोल्टांभोवती फिरत असे. आपल्या गावात काम मिळण्याची ही त्याची पहिलीच वेळ. यात सुख असेल असे त्याला वाटले होते. परक्या गावी पाण्याची वाट पाहणारी माणसे परकी असतात आणि ती संध्याकाळी आपल्याच घरात भांडी आपटत नसतात, हा त्यातला फरक त्याच्या उशिरा ध्यानात आला.

टोळीचा प्रमुख फिटर त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. ठेकेदाराकडे त्याच्यासाठी शब्द ओळंब्यानेच टाकला होता. धाकट्याच्या हातात ताकद होती, कामाला उरक होता, आणि मोटर जागेवर बसवताना तो लोखंडाशी असा बोले की जणू हट्टी बैलाची समजूत घालतो आहे. पंप सुरळीत चालू झाला तर पुढच्या साइटवर त्याला स्वतंत्र टोळी देऊन मुकादम करीन, असे ठेकेदाराने चारचौघांत सांगितले होते. त्या दिवसापासून धाकटा घरी जेवतानाही मुकादमासारखा, मांडी ऐसपैस घालून बसू लागला होता.

"आता पंप आणि मोटर एका रेषेत आले," एके दिवशी दोघांना जोडणाऱ्या कपलिंगवरच्या डायलची सुई पाहून ओळंबा म्हणाला. केसभर सरकलेलेही सुईने दाखवणारा हा डायल त्याचा स्वतःचा होता. लाकडी पेटीत, जुन्या मऊ कापडात गुंडाळून तो साइटमागून साइट हिंडला होता. "आता वरचा पाइप जोडायचा. चकतीला चकती, फ्लँजला फ्लँज भिडला, भोकासमोर भोक आलं, की बोल्ट कसा जायला पाहिजे?"

"हातानं," सगळी टोळी कंटाळलेल्या वर्गासारखी एका सुरात म्हणाली.

"हातानं म्हणजे?"

"म्हणजे पाना नाही, हातोडा नाही, पहार नाही आणि शिव्याही नाहीत," म्हातारा वेल्डर म्हणाला. त्याच्या सदऱ्याला ठिणग्यांनी इतकी भोके पडली होती की त्याला सगळे ठिणगी म्हणत. "लग्नात मुलगी आपल्या पायानं यावी लागते, ओढून आणली की पुढं कोर्टकचेरी."

टोळी हसली. ओळंबाही हसला, पण त्याने हात हवेत तसाच धरून ठेवला, कारण हसण्यात मुद्दा निसटतो अशी त्याची खात्री होती. "पंप म्हणजे पाइपाचा खांब नव्हे. पाइपाचं वजन पाइपाच्या आधारावर, पंपावर कणभरही नाही. ओढून जोडला, तर पाइप आयुष्यभर मागं ओढत राहतो. आज चालेल, उद्या चालेल, मग बेअरिंग तापेल. म्हणून जोडताना डायल लावायचा. बोल्ट आवळताना सुई हलली, की थांबायचं."

"दादा, झोपेत विचारलंस तरी सांगेन," धाकटा म्हणाला.

पाइप चढवायचा तो दिवस मात्र ओळंब्याला साइटवर मिळाला नाही. त्याची आई मागच्या पंधरवड्यात लांबच्या विहिरीच्या पायऱ्यांवर घागरीसकट घसरली होती. मनगट मोडले होते. प्लास्टरखाली बोटे सुजून काळीनिळी दिसू लागली, तेव्हा तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेणे भाग पडले. निघताना त्याने डायलची पेटी भावाच्या हातात दिली. दवाखान्याच्या बाकावर तो बसला नाही. आईच म्हणाली, "अरे, खाली बस जरा. तू उभा राहिल्यानं माझं हाड लवकर जुळणार आहे का?"

"पाइप चढत असेल आता," तो म्हणाला.

"धाकटा आहे ना तिथं?"

"आहे," असे म्हणून तो पुन्हा खिडकीशी गेला.

दिवस कलायच्या आत तो परतला, तेव्हा पाइप जोडून झाला होता. जाड निळा पाइप भिंतीतून आत येऊन वळण घेत पंपावर उतरला होता. बोल्टांची कडी आवळलेली, त्यावर रंगाचा हातही फिरलेला. ठिणगी कोपऱ्यात पाठमोरा बसून वेल्डिंगची वायर गुंडाळत होता, आणि ती गुंडाळून संपत नव्हती. धाकटा कमरेवर हात ठेवून उभा होता.

"बघ. तुझ्याशिवाय झालं की नाही?"

ओळंब्याने फ्लँजवरून बोट फिरवले. त्याला काही म्हणायचे होते, तोच दारातून इंजिनीअर बाई आत आल्या. वयाने लहान, पण कामाला पक्क्या. प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत त्या दुसरे काही बोलत नसत. उद्या सकाळी पंप सुरू करायचा म्हणून त्यांनी वीज मंडळाच्या माणसांना बोलावले होते.

"पाइप जोडताना डायल लावून पाहिलं ना?" त्यांनी विचारले.

धाकट्याने भावाकडे पाहिले. त्या नजरेत विनंती नव्हती. उलट अशी एक ठाम अपेक्षा होती, की जी घरातल्या माणसाकडूनच केली जाते. ओळंब्याने आयुष्यात असंख्य जोड तपासले होते, आणि न पाहिलेल्या गोष्टीला पाहिली म्हणण्याचा प्रसंग त्याने स्वतःवर कधी येऊ दिला नव्हता. तो आला तेव्हा मात्र फार सोपा निघाला.

"पाहिलंय, मॅडम," तो म्हणाला.

"मग उद्या सकाळी सुरू करू," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

तो घरी चालत निघाला. वाटेत तीन-चार जणांनी "उद्या नक्की ना?" असे विचारले आणि त्याने प्रत्येकाला मान हलवून होकार दिला, प्रत्येक होकारागणिक त्याचे पाऊल जड होत गेले. घरात दोन खोल्या होत्या, आणि मधल्या दाराशी रिकामी भांडी उतरंडीने लावलेली. बायकोने ती घासून पुसून ठेवली होती, उद्या नळाखाली लावायला. धाकटा आधीच येऊन बसला होता. आई एका हाताने त्याच्या तळव्याला तेल चोळत होती.

"कसली रे ही दशा?" आई म्हणत होती. "एवढं काय ओढलंस? फोडांची नुसती माळ झालीय."

"काही नाही गं. साखळी होती."

ओळंबा दारातच उभा राहिला. पाइप चढवायला चेनपुली लागते हे खरे. पण चेनपुलीची साखळी अशी असते की वजन उचलताना ती एका लयीत, जवळजवळ हलकीच, खाली येते. तिने तळहात सोलवटत नाहीत. ते सोलवटतात तेव्हा, जेव्हा पलीकडचे लोखंड यायला तयार नसते आणि माणूस साखळीला लोंबकळून त्याला यायला लावतो.

"किती कमी होता?" त्याने विचारले.

धाकट्याने वर पाहिले नाही. "काय?"

"पाइप. फ्लँजपासून किती लांब राहिला होता?"

"बोटभर." मग त्याने दुरुस्ती केली. "दीड बोट."

"आणि तू ओढलास."

"मग काय करणार होतो? तुकडा कापायचा, नवा घालायचा, ठिणगीकडून वेल्डिंग, त्याची तपासणी, रंग… गेले की चार दिवस. ठेकेदाराचा तासातासाला फोन. तूच गावाला उद्याची तारीख दिलीस ना? तुझी तारीख सांभाळायला ओढला मी. माझ्यासाठी नाही ओढला."

"डायल लावलास?"

"पेटी उघडली नाही मी. सुई हलणार हे मला दिसत होतं. बघायचं कशाला?"

या उत्तरातल्या सरळपणाने ओळंबा क्षणभर गडबडला. खोटे बोलला तो आपण, आणि ज्याने चूक केली त्याने मात्र काही लपवले नव्हते. विचारले असते तर सांगितले असते. "उद्या बोल्ट सोडायचे," तो म्हणाला.

"तू बाईंना सांगितलंस पाहिलंय म्हणून. सगळ्या टोळीनं ऐकलंय."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय? उद्या चालू झाला की पंप चालेल, दादा. महिना चालेल, दोन महिने चालतील. पाऊस येईल, घाई संपेल, मग उघडू, तुकडा बदलू. तोपर्यंत लोकांना पाणी तरी मिळेल! तुला पंपाची दया येते, माणसांची येत नाही."

हा मुद्दा पोकळ नव्हता. त्यामुळेच ओळंब्याचा आवाज चढला. "आणि भर उन्हात बेअरिंग गेलं तर? कपलिंग फुटून कुणाच्या पोटात गेलं तर? पाऊस यायची वाट बघत तो पंप बसून राहणार आहे का?"

"तुला काय, तुझं नाव राहील. माझी मुकादमकी गेली." धाकट्याने आईच्या हातातून हात काढून घेतला. "तूच शब्द टाकलास, तूच काढून घे."

आतापर्यंत बायको पदराने एक कोरडा हंडा पुसत होती. तो तिने खाली ठेवला.

"अहो, तुम्ही दोघं खुशाल भांडा," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी त्या विहिरीवर मी जाणार आहे, आणि परवाही मीच. सासूबाईंचा हात गळ्यात आहे. हे ध्यानात ठेवून काय ते ठरवा."

"तू काय म्हणतेस?" त्याने विचारले.

"मला पंपातलं कळत नाही. तुम्ही जेवला नाहीत एवढं कळतंय." ती भांडी उचलून आत घेऊन गेली.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी पंपघरात पोचला आणि पंपाच्या भोवती फिरत राहिला. इंजिनीअर बाई आल्या, वीज मंडळाची माणसे आली, ठेकेदार नवा कोरा शर्ट घालून आला. बाहेर काठावर गावातली माणसे जमली होती. ओळंबा बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, काल मी पाहिलंय म्हणालो. पाहिलं नव्हतं."

बाईंनी एकदा पाइपाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "डायल लावा. बोल्ट सोडा."

त्याने पेटी उघडली आणि डायल कपलिंगवर बसवला. पाना त्याने स्वतः घेतला. पहिला बोल्ट सैल झाला तेव्हा सुई जागची हलली नाही, आणि ठेकेदाराने सुटकेचा श्वास टाकला. समोरचा सैल होताच ती थरथरली. आणखी दोन सुटले तशी ती सरकू लागली, घसरणाऱ्या माणसासारखी, आधी हळू आणि मग एकदम. आणि शेवटच्या बोल्टाला पाइप मोठ्याने करकरून दीड बोट मागे गेला. दोन फ्लँजांमधले रबरी गॅस्केट लोंबत राहिले.

"कुणी जोडला?" बाईंनी विचारले.

"माझ्या टोळीनं," ओळंबा म्हणाला. "जबाबदारी माझी."

"मी ओढला," धाकटा मागून म्हणाला. "त्याची कसली जबाबदारी? तो तालुक्याला होता."

ठेकेदाराला कंठ फुटला तो तेव्हाच. त्याने दोन्ही भावांचा उद्धार केला, त्यातही धाकट्याचा अधिक, कारण मोठ्याशिवाय त्याचे चालणार नव्हते. "मुकादम व्हायला निघालाय! साखळीचा मुकादम! उद्यापासून तुझं तोंड दाखवू नकोस मला."

धाकट्याने हातातला पाना जमिनीवर टाकला नाही. पुसून जागेवर ठेवला आणि दाराबाहेर पडला. बाहेर जमलेल्यांत कुणीतरी विचारले, "काय झालं रे?" आणि त्याचे उत्तर न ऐकताच दुसरी एक बाई मोठ्याने म्हणाली, "होतंय काय! आपलं नशीब. चला, उचला हंडे."

पुढचे दिवस ओळंब्याला फार लांब गेले. मापे त्याने स्वतः घेतली, पाइप स्वतः आखला. ठिणगीने गॅसने तो कापला, मधला तुकडा बसवला आणि सगळ्या बाजूंनी फिरत, गुडघ्यांवर, कुशीवर, पाठीवर होत तो जोडला. लोखंड तापले की उन्हाने आधीच तापलेल्या पंपघरात श्वास घेणे नकोसे होई. मदतीला दोन हात कमी होते, आणि ते कुणाचे ते कुणी बोलत नव्हते. एकदाच ठिणगी डोळ्यांवरची काच वर करून म्हणाला, "तो असता तर हा तुकडा एकट्यानं उचलला असता."

"उचलला असता," ओळंबा म्हणाला, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन स्वतः उचलू लागला.

घरी धाकटा त्याच्याशी बोलत नव्हता. विहिरीवर मात्र आता वहिनीऐवजी तो जाई. फोडांवर चिंध्या गुंडाळून दोन्ही खांद्यांवर तो पाणी आणी. लोक त्याला हटकून रांगेत शेवटी उभे करत. "पाण्याच्या साहेबांच्या घरचे," ते म्हणत, "तुम्हाला कसली घाई? तुमचा तर पंप आहे." तो ऐकून घेई. हे सगळे ओळंब्याला बायकोने सांगितले, आणि सांगताना तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

"मी त्यांना म्हटलं, भाऊजी, मी जाते. तर म्हणाले, वहिनी, ओढलंय मी, वाहू दे मलाच."

ओळंबा उठला, अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. आपले खरे होते, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. पण खरे असण्याने मनाला जी स्वस्थता यावी असे तो इतकी वर्षे समजत आला होता, ती काही येत नव्हती.

पाइप पुन्हा चढवला गेला त्या दिवशी दुपारी पंपघराच्या दारात सावली पडली. धाकटा होता, हातात जेवणाचा डबा. "आईनं पाठवलाय," तो म्हणाला. डबा फळीवर ठेवून तो निघाला नाही. आधारांवर टेकून पाइप पंपासमोर आला होता, आणि दोन्ही फ्लँजांमध्ये गॅस्केटपुरती फट होती. तिच्यातून पलीकडची भिंत सारख्या जाडीच्या रेघेने दिसत होती.

ओळंब्याने बोल्टांच्या खोक्यातून एक बोल्ट उचलला. तो भोकाशी नेला आणि थांबला. मग वळून त्याने तो भावासमोर धरला.

धाकट्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिले. चिंधी बांधलेल्या हाताने बोल्ट घेतला आणि दोन बोटांनी भोकात टेकवून सोडला. बोल्ट आपल्या वजनाने आत सरकला आणि पलीकडे टोक काढून थांबला.

"गेला," तो म्हणाला.

"दुसरा घे."

धाकट्याने सगळे बोल्ट घातले. आवळताना ओळंबा डायलपाशी बसला नाही, उभाच राहिला. सुई जिथे होती तिथे होती. ठिणगीने लांबून विचारले, "काय रे, मुलगी आली का आपल्या पायानं?" पण या वेळी कुणी मोठ्याने हसले नाही.

संध्याकाळी पंप सुरू झाला. आधी एक लांब घरघर, मग पाइपात हवा खाकरल्याचा आवाज, आणि मग तो भरीव, एकसुरी गुणगुणता सूर लागला. इंजिनीअर बाईंनी बेअरिंगला हात लावून पाहिला, मान हलवली आणि टाकीकडे पाहायला टेकाडावर गेल्या. त्यांच्यामागून ठेकेदारही घाम पुसत गेला. पंपघरात दोघे भाऊ उरले.

"मी उद्या निघतोय," धाकटा म्हणाला. "ठिणगीच्या ओळखीच्या एका ठेकेदाराकडं. लांब आहे."

"घरी सांगितलंस?"

"आईला सांगितलं. तुला आत्ता सांगतोय. वहिनीला जाताना सांगेन, नाहीतर ती रडेल आणि आईला रडवेल."

"मी बाईंशी बोलतो. पुढच्या साइटवर…"

"नको, दादा." त्याचा आवाज शांत होता; राग असता तर ओळंब्याला बरे वाटले असते. "आता पुन्हा शब्द टाकू नकोस माझ्यासाठी." मग हात पुढे करून तो म्हणाला, "डायल दे."

"तिकडं असेल की."

"असेल. कुलपात असतो तो. मागितला की म्हणतात, वेळ कुठंय."

ओळंब्याने डायल काढला, सदऱ्याच्या आतल्या बाजूने काच पुसली, मऊ कापडात गुंडाळला आणि पेटीचे झाकण लावले. देताना त्याने ती किंचित जास्त वेळ धरून ठेवली.

"परत आण."

"बघू," धाकटा म्हणाला. पेटी काखेत धरून तो नदीकाठाच्या वाटेने वर गेला. वळून त्याने पाहिले नाही.

मोबाइल वाजला. बायको होती, मागे पत्र्यावर पाणी पडावे तसा आवाज होता. "आलं हो! आधी लालसर आलं, आता नितळ येतंय. सासूबाई एक हात नळाखाली धरून उभ्या आहेत, हलतच नाहीत. येताय ना?"

"येतो."

तो गेला नाही. पंप एकसारखा चालला होता, बेअरिंग माणसाच्या कपाळाइतके कोमट होते. तक्रारीला कुठे जागा नव्हती. तरी तो पंपाभोवती फिरला, एकदा आणि मग पुन्हा. सवयीने त्याचा हात फळीवर पेटीच्या जागेकडे गेला. तिथे जेवणाचा डबा होता, न उघडलेला. त्याने तो जरा बाजूला सरकवला, फळीवर हात फिरवला, आणि मग परत येऊन तळहात पंपावर ठेवला.